स्क्रीन मधेच काळी होते आणि परत येते: दोष नेमका कुठं आहे ते कसं शोधायचं

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी मावसभावाचा फोन आला, रात्रीचे पावणेअकरा वाजले असतील. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि गणपती जवळ आला की तालमींचे बोर्ड, मंडळांच्या कमानी, स्वागताचे फलक सगळं एकदम अंगावर येतं, त्या पंधरा दिवसांत हा जेवायलासुद्धा घरी जात नाही. म्हणाला, "दादा, स्क्रीन मधेच काळी होत्या, दोन-तीन सेकंदानं परत येत्या, पण तवर कोरल गेलेलं असतंय. आत्ता वीस बाय दहाचा बोर्ड गेला बघ, सेव्ह केला नव्हता." कोरल म्हणजे तो ज्यात बोर्डाचं डिझाइन करतो ते सॉफ्टवेअर. आवाज पार रडकुंडीला आलेला.

दुरुस्तीवाल्याकडं मशीन दोन दिवस ठेवून झालं होतं. तिथं एकदाही स्क्रीन गेली नाही, तरी त्यानं सांगितलं की ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग, गेलंय, नवीन घाला, आणि ऐन सीझनच्या तोंडावर हा तो खर्च करायला तयार पण झाला होता. मी म्हटलं थांब, आधी एक वही घे आणि सीपीयूशेजारी ठेव.

वही कशाला ते सांगतो. कायम बंद असलेली गोष्ट शोधणं सोपं असतं, ट्यूब लागतच नाही म्हटल्यावर ट्यूब बदला, पट्टी बदला, सापडतं. पण कधी होतं आणि कधी होत नाही असला दोष हाताला लागत नाही, कारण तुम्ही काहीही केलंत तरी पुढचे दोन तास बरं चालतं आणि आपण समजतो की त्यानंच बरं झालं. कुणी केबल हलवतो, कुणी विंडोज नवीन टाकतो, कुणी रॅम काढून खोडरबरानं पुसतो, प्रत्येकाला वाटतं आपण दुरुस्त केलं, आणि तिसऱ्या दिवशी स्क्रीन परत काळी. अशा दोषाला एकच पुरावा असतो, तो म्हणजे "कधी". कधी होतं, तेव्हा काय काय चालू होतं, नेमके किती वाजले होते.

असल्या त्रासात कार्डाइतकाच संशय त्याच्या ड्रायव्हरवर घ्यावा लागतो. आता ड्रायव्हर म्हणजे काय ते आधी बघू, कारण हा शब्द सगळे वापरतात पण त्याचं काम डोळ्यासमोर येत नाही. फ्लेक्सवाल्यांना हे पटकन कळेल. तुम्ही कोरलमध्ये बोर्ड करता, पण प्रिंटिंगच्या मशीनला कोरल कळत नाही, मधे रिपचं सॉफ्टवेअर असतं, ते फाईल घेतं आणि मशीनला कळेल अशा भाषेत सांगतं की इथं एवढी शाई टाक, तिथं तेवढी. फाईल बरोबर आहे, मशीन बरोबर आहे, पण रिपमध्ये गडबड झाली तर बोर्डावर पट्टे पडणार आणि गिऱ्हाईक मशीनला नावं ठेवणार. ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरमधलं रिप समजा. विंडोज आणि सगळे प्रोग्रॅम त्याला सांगतात काय दाखवायचं, तो ते कार्डाच्या भाषेत करून देतो. फरक एवढाच की फ्लेक्सचा बोर्ड एकदा छापला की झाला, इथं साध्या फुल एचडी स्क्रीनवर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात आणि ते सेकंदाला ६० वेळा नव्यानं पाठवावे लागतात, म्हणजे एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या घाईत काम करणारं सॉफ्टवेअर कुठंतरी अडखळणार हे धरूनच चालायला पाहिजे.

आणि अडखळतं पण. २००७ मध्ये विंडोज विस्टा आली तेव्हा तर अक्षरशः कहर झाला होता. पुढं अमेरिकेत विस्टावरून मायक्रोसॉफ्टवर खटला चालला, त्यात कंपनीचे आतले ईमेल बाहेर आले, आणि त्यातल्या एका नोंदीनुसार विस्टाचे जेवढे क्रॅश नोंदवले गेले त्यातले जवळजवळ २९ टक्के ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एकट्या एनव्हिडिया कंपनीच्या ड्रायव्हरच्या नावावर होते. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, पण एक गोष्ट तेव्हापासून आजपर्यंत तशीच आहे आणि भावाच्या स्क्रीनचं कोडं तिच्यातच होतं.

विस्टाच्या आधी म्हणजे विंडोज एक्सपीच्या काळात ड्रायव्हर अडकला की बहुतेक वेळा अख्खं मशीन गोठायचं, बटण दाबून बंद करायचं आणि परत चालू करायचं, दुसरा इलाज नाही. विस्टापासून मायक्रोसॉफ्टनं एक राखणदार बसवला, त्याला टीडीआर म्हणजे टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी म्हणतात. हा कारखान्यातल्या फोरमनसारखा उभा असतो. कार्डाला काम दिलं आणि ठरलेल्या वेळात ते पुरं झालं नाही, मधे थांब म्हटलं तर थांबलं पण नाही, की हा फोरमन समजतो आता हे अडकलं. ठरलेला वेळ किती, तर २ सेकंद. मग तो अख्खं मशीन बंद न करता फक्त कार्ड आणि ड्रायव्हर यांना झटका देऊन नव्यानं उभं करतो. त्या झटक्यात स्क्रीन काळी होते, क्षणभरानं परत येते. विंडोज वाचतं, पण जो प्रोग्रॅम त्या वेळी कार्डाकडून काम करून घेत होता त्याचं सगळं सामान कार्डाच्या मेमरीतून पुसलं जातं, म्हणून कोरल, फोटोशॉप, गेम, व्हिडिओ एडिटर हे पडतात. आणि असं ६० सेकंदांच्या आत पाचपेक्षा जास्त वेळा झालं तर फोरमन हात टेकतो, निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर व्हिडिओ टीडीआर असलं काहीतरी लिहिलेलं असतं.

म्हणजे काळी होऊन परत येणारी स्क्रीन ही बऱ्याचदा बिघाडाची नाही, बचावाची खूण असते.

आणि फोरमन प्रत्येक वेळी नोंद करून ठेवतो, हे लई महत्त्वाचं आहे. स्टार्टवर राईट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, तिथं सोर्सच्या रकान्यात डिस्प्ले आणि नंबर ४१०१ शोधा. आत लिहिलेलं असतं की अमुक ड्रायव्हरनं उत्तर देणं थांबवलं आणि तो यशस्वीपणे सावरला. ड्रायव्हरच्या फाईलचं नाव एनव्ही या अक्षरांनी सुरू होत असेल तर एनव्हिडिया, एएमडी किंवा एटीआय असेल तर एएमडी, आयजी असेल तर इंटेल. कधी कधी ४१०१ नसतो पण त्याच फाईलच्या नावानं दुसऱ्या नंबरची एरर असते, ती पण धरा. आता ही वेळ वहीतल्या वेळेशी जुळवून बघा. वहीत ११ वाजून ४२ मिनिटं लिहिलंय आणि लॉगमध्ये पण ११:४२ ला नोंद आहे, तर पक्कं झालं की दोष कॉम्प्युटरच्या आत आहे, केबलचा किंवा मॉनिटरचा नाही. वहीत वेळ आहे पण लॉग कोरा आहे, तर रोख दुसरीकडं वळवायचा.

हे दुसरं पण बघितलंय. उद्यमनगरात एका ओळखीच्यांकडं पॅटर्नची ड्रॉइंग्ज करतात, त्यांची स्क्रीन दिवसातून चार-पाच वेळा जायची. ड्रायव्हर तीन वेळा बदलून झाला होता. लॉग बघितला तर एक पण नोंद नाही, आणि कॅडचा, म्हणजे ड्रॉइंग काढायचा, प्रोग्रॅम कधीच पडला नव्हता, फक्त चित्र जायचं आणि मॉनिटर "नो सिग्नल" म्हणायचा. तिथं अर्धा तास नुसता बसून राहिलो आणि शेजारच्या खोलीत वेल्डिंग चालू झालं तशी स्क्रीन गेली. मॉनिटरची लांबलचक हलकी केबल भिंतीवरून वेल्डिंग मशीनच्या वायरला चिकटून आणलेली होती. चांगली आखूड केबल दुसऱ्या बाजूनं आणली, विषय संपला. ड्रायव्हरचा काडीचा संबंध नव्हता.

म्हणून लॉगबरोबर अजून तीन-चार साध्या गोष्टी करून बघायच्या, पैसे लागत नाहीत. स्क्रीनवर रेघा किंवा चौकोन दिसत असतील तर तेव्हाच स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाईलवर पाठवून बघा. स्क्रीनशॉटमध्ये पण रेघा आल्या तर चित्रच आत बिघडलेलं बनतंय, म्हणजे प्रोग्रॅम, ड्रायव्हर किंवा कार्ड. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर बहुतेक वेळा दोष त्याच्या पुढं आहे, केबल, पोर्ट, मॉनिटर. बहुतेक वेळा म्हणतोय, नेहमी नाही, कारण कार्डातून चित्र बाहेर जाताना शेवटच्या टप्प्यात पण गडबड होऊ शकते. मग मॉनिटरच्या खालचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू आणा, ब्राइटनेस वगैरे असतो तो. तो मेनू मॉनिटर स्वतः काढतो, त्याला कॉम्प्युटर लागत नाही, त्यामुळं मागचं चित्र थरथरतंय आणि मेनू स्थिर असेल तर मॉनिटर बिचारा निर्दोष, पण मेनू पण थरथरत असेल तर मॉनिटरच बघायला लागेल.

फ्लिकर होत असेल, म्हणजे स्क्रीन सारखी लुकलुकत असेल, तर मायक्रोसॉफ्टनं स्वतःच सांगितलेली एक परीक्षा आहे आणि ती मला लई आवडते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि नुसतं बघत बसा. बाकीच्या स्क्रीनबरोबर टास्क मॅनेजर पण लुकलुकत असेल तर संशय ड्रायव्हरवर, तो एकटा स्थिर आणि बाकी सगळं लुकलुकतंय तर संशय एखाद्या प्रोग्रॅमवर. ब्राउजरमध्येच होत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये सिस्टिममध्ये जाऊन ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून बघायचं.

आणि एक, चालू मशीनवर स्क्रीन काळीच राहिली, पण फॅन चालू आहे, गाणं लावलं असेल तर आवाज येतोय, तर लगेच पॉवरचं बटण दाबून बंद करू नका. विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारी एकदम दाबा. बीप वाजतो, स्क्रीन एकदा मिचकावते आणि ड्रायव्हर नव्यानं चालू होतो. यानं चित्र परत आलं तर काम वाचलं, आणि वर एक खूण पण मिळाली की अडकला होता तो बहुधा ड्रायव्हर. त्या रात्री फोनवर भावाला हे सांगून ठेवलं आणि पुढच्या दोन दिवसांत एकदा त्याचा बोर्ड यामुळं वाचला.

आता भावाची वही. चार दिवसांच्या नोंदी होत्या, पेन्सिलनं, मधे गिऱ्हाइकांचे आकडे पण लिहिलेले. सकाळी कधीच नाही. दुपारी एक-दोनदा. रात्री दहानंतर सारखं. आणि "काय चालू होतं" या रकान्यात प्रत्येक वेळी कोरल तर होतंच पण शेजारी ब्राउजरवर व्हॉट्सॲप पण होतं, कारण रात्री मंडळांची पोरं फोटो आणि व्हिडिओ पाठवत बसतात आणि हा ते उघडून बघतो. दुरुस्तीवाल्याकडं यातलं काहीच चालू नव्हतं, मशीन नुसतं डेस्कटॉपवर पडून होतं, मग तिथं कसं होणार? लॉगमध्ये ४१०१ च्या नोंदी वहीतल्या वेळेशी जुळल्या. मग स्टार्टमध्ये रिलायबिलिटी असं टाइप करून रिलायबिलिटी हिस्टरी उघडली. ही फार कमी लोकांना माहीत असते, यात तारखांचा तक्ता दिसतो, कुठल्या दिवशी काय पडलं आणि कुठल्या दिवशी काय नवीन बसलं. पहिली लाल फुली ज्या दिवशी होती त्याच्या आदल्या रात्री एक नोंद होती, डिस्प्लेचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून बदलला गेला. भावानं काही केलं नव्हतं, त्याला माहीत पण नव्हतं. रात्री मशीन चालू ठेवून गेला आणि सकाळी आला तो नव्या ड्रायव्हरवर.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर्स, त्यातल्या कार्डाच्या प्रॉपर्टीज, ड्रायव्हरचा टॅब, तिथं रोल बॅक ड्रायव्हर म्हणून बटण असतं. ते दाबलं की आधीचा ड्रायव्हर परत येतो, बटण फिकट असेल तर जुना शिल्लक नाही असं समजायचं. आम्ही रोल बॅक केलं आणि पाच दिवस एकदम शांत गेले. सहाव्या दिवशी परत फोन. विंडोज अपडेटनं तोच ड्रायव्हर परत बसवला होता.

मग नीट बैजवार करायचं ठरवलं, आणि हे करताना क्रम पाळायचा असतो. आधी हवा तो ड्रायव्हर कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून उतरवून ठेवायचा, लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर बघायचं कारण त्यात बहुतेक वेळा इंटेल आणि एनव्हिडिया अशी दोन कार्डं एकमेकांना काम देत असतात आणि त्यांची जोडी कंपनीनं तपासलेली असते. "तुमचे सगळे ड्रायव्हर अपडेट करतो" म्हणणारी जी सॉफ्टवेअर नेटवर मिळतात त्यांना मशीनला हात लावू देऊ नका, त्यांनी बसवलेल्या भलत्याच ड्रायव्हरमुळं झालेलं नुकसान मी खूप बघितलंय. मग रिस्टोअर पॉइंट करायचा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आत्ताच्या स्थितीला परत आणता येतं. विंडोजनं डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद केलेली असेल तर त्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून घ्यायची, सेफ मोडला जाताना ती विचारली जाऊ शकते आणि तेव्हा शोधत बसणं म्हणजे जिवाला घोर. मग नेटची केबल काढायची, वायफाय बंद. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर चालू करून, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या फुकट मिळणाऱ्या टूलनं, त्याला सगळे डीडीयू म्हणतात, जुना ड्रायव्हर मुळासकट काढायचा. मशीन परत चालू झालं की सगळं मोठं मोठं आणि फुगलेलं दिसेल, घाबरायचं नाही, तो मायक्रोसॉफ्टचा कामचलाऊ बेसिक ड्रायव्हर असतो. त्यावर उतरवून ठेवलेला ड्रायव्हर बसवायचा, रीस्टार्ट करायचं, आणि विंडोजच्या डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंगमध्ये नो करून मगच नेट जोडायचं.

रीस्टार्टच म्हणतोय, शटडाऊन करून परत चालू नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप आला, त्यात शटडाऊन केलं तरी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर झोपवून ठेवले जातात आणि सकाळी तेच उठवले जातात. म्हणजे रोज रात्री बंद करणारं मशीन पण आतून महिनाभर सलग चालू असू शकतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं उभं राहतं. स्क्रीनचे कितीतरी त्रास नुसत्या रीस्टार्टनं जातात ते यामुळं.

नेटवर अजून एक उपाय सर्रास सांगतात, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या कोठारात, जाऊन फोरमनची २ सेकंदांची मुदत ८ किंवा १० करा. माझं मत विचाराल तर करू नका. मायक्रोसॉफ्टनंच म्हटलंय की त्या सेटिंग ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या तपासणीसाठी आहेत. तुम्ही थ्रीडी रेंडरिंग करत असाल आणि कामच खरोखर लांब असेल तर गोष्ट वेगळी, पण नेहमीच्या कामात त्यानं एवढंच होतं की आधी २ सेकंद गोठणारी स्क्रीन आता १० सेकंद गोठते आणि मग जाते.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. शेजारच्या काकींची मुलगी शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करते, तिचा लॅपटॉप फक्त बॅटरीवर असताना आणि फक्त पीडीएफ वाचताना लुकलुकायचा, व्हिडिओ लावला की एकदम ठीक. हे ऐकल्यावर निम्मं काम झालं. चित्र हलत नसेल तर बॅटरी वाचवायला स्क्रीनचं पॅनेल जुनंच चित्र स्वतःच्या जवळून दाखवत राहतं आणि कार्ड आराम करतं, याला पॅनेल सेल्फ रिफ्रेश म्हणतात, आणि त्या झोपेतून उठताना काही पॅनेल आणि काही ड्रायव्हर यांचं जमत नाही. इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये पॉवरच्या पानावर ते बंद केलं, लुकलुकणं थांबलं. बॅटरी थोडी कमी पुरते, तिला चालतंय. तसंच दोन मॉनिटर लावलेत, एक ६० हर्ट्झचा म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा आणि एक १४४ चा, आणि व्हिडिओ चालू असतानाच लुकलुकतंय, तर आधी दोन्ही ६० वर आणून बघा. थांबलं तर कार्ड बदलायचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

पण कार्ड कधीच दोषी नसतं असं म्हणत नाही मी. ४१०१ ची नोंद एवढंच सांगते की उत्तर आलं नाही, का आलं नाही ते सांगत नाही. कार्ड तापलं, पॉवर सप्लाय कमी पडला, कार्डाची मेमरी खराब झाली, तरी नोंद तीच. शिरोली आणि गोकुळ शिरगावात फाउंड्रीच्या आसपास ज्यांची ऑफिसं आहेत त्यांनी एकदा सीपीयूचं झाकण उघडून कार्डाचा फॅन बघा, काळी बारीक धूळ तेलकट होऊन पात्यांना चिकटलेली असते आणि फॅन फिरतोय असं नुसतं वाटतं. जीपीयू-झेड नावाच्या छोट्या फुकट टूलमध्ये तापमान दिसतं, काम करताना ते चालू ठेवा आणि स्क्रीन गेली तेव्हाचा आकडा वहीत लिहा. विंडोज चालू व्हायच्या आधी, बायोसच्या, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी येणाऱ्या, पानावरच रेघा आणि रंगीत ठिपके दिसत असतील तर मात्र ड्रायव्हरच्या मागं लागू नका, तिथं विंडोजचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो. आणि पेनड्राइव्हवरून उबंटू ही विंडोजऐवजी चालणारी दुसरी फुकट सिस्टिम चालू करून तासभर तेच काम दिलं आणि तिथं पण तसंच झालं, तर ड्रायव्हर पूर्ण वेगळा असून दोष तोच आहे, मग कार्ड किंवा पॉवर सप्लाय, आता खर्च करा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो एकाच वेळी चार गोष्टी बदलल्यामुळं. घाई असते, समजतं मला, गिऱ्हाईक समोर उभं असतं. तरी एक बदल करायचा, वहीत तारीख टाकून लिहायचा, आणि आधी जेवढ्या दिवसांत दोष दिसत होता त्याच्या दुप्पट-तिप्पट दिवस बघायचं. रोज होत असेल तर तीन दिवस, आठवड्यातून एकदा होत असेल तर तीन आठवडे, त्याच्या आधी "झालं बरं" म्हणायचं नाही. आणि बघायचं ते तेच काम करून, नुसतं डेस्कटॉप उघडून नाही.

भावाच्या दुकानात डीडीयू केलं त्या रात्री आम्ही मुद्दाम सगळं एकदम लावलं, गेलेला वीस बाय दहाचा बोर्ड त्यानं परत केला होता तो कोरलमध्ये, शेजारी व्हॉट्सॲप, त्यात मिरवणुकीचा व्हिडिओ, वरून एक यूट्यूब. दीड वाजेपर्यंत बसलो, मधे समोरच्या गाडीवरून दोन अंडाबुर्जी आणल्या. स्क्रीन गेली नाही. ड्रायव्हरचा नंबर कागदाच्या टेपवर लिहून सीपीयूला चिकटवला, जुन्या बिघडलेल्याचा पण लिहिला आणि त्यावर फुली मारली, म्हणजे पुढच्या वेळी कुणी दुसरा दुरुस्तीला आला तरी त्याला कळावं. वही त्यानं तशीच ठेवली. परवा गेलो होतो तेव्हा चाळली, त्या रात्रीनंतर रोज एकच ओळ आहे, तारीख आणि पुढं "आज नाही", अनंत चतुर्दशीपर्यंत, त्या दिवशी दुकान बंद होतं आणि पुढची पानं गिऱ्हाइकांच्या बाकीनं भरलेली आहेत.